उशिरा आलेला शब्द

आमची आई आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे. तिचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा भाऊ, गेली अकरा वर्षे ऑस्ट्रेलियात मेलबर्नला असतो. दर रविवारी दुपारी तीनच्या सुमारास त्याचा फोन येतो. फोन म्हणजे हल्लीच्या रीतीप्रमाणे चित्रासकट. इकडे आमची जेवणे आटोपलेली असतात, तिकडे त्यांची रात्रीच्या जेवणाची वेळ झालेली असते. आई त्याआधी तोंड धुऊन, पातळ बदलून, चष्म्याच्या काचा पदराने पुसून तयार होऊन बसते. आठवडाभर साठवलेल्या बातम्या तिच्या ओठांवर असतात.

गेल्या वर्षी श्रावणात एकदा फोन संपल्यावर ती जागची उठलीच नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "हल्ली तो विचार करून बोलतो."

"म्हणजे कसा?"

"म्हणजे मी विचारते, दिवाळीला येणार का रे? की तो गप्प. माझ्या तोंडाकडे नुसता बघत राहतो. मग म्हणतो, बघतो हं आई. आईला उत्तर द्यायला एवढा विचार कशाला करावा लागतो रे?"

मी तिला समजावण्याचा प्रयत्न केला. तो गप्प नसतो, त्याचे बोलणे इथे पोचायला वेळ लागतो, असे सांगितले. दोघे एकदम बोलतात, मग दोघे एकदम थांबतात, "तू बोल", "नाही, तू बोल" असे चालते, तेही त्यामुळेच. आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पूर्वी नव्हता लागत तो वेळ." यावर मजजवळ उत्तर नव्हते. मेलबर्न काही पूर्वीपेक्षा दूर गेलेले नव्हते. त्यानंतर दोन-तीन महिने तिने दिवाळीचे नाव काढले नाही. भावाने आपणहून विषय काढला तर ती म्हणे, "तुझ्या सोयीनं ये बाबा." आणि आमच्या घरात "बाबा" हा शब्द राग आल्याशिवाय येत नाही.

या गोष्टीच्या मुळाशी जाण्याच्या खटपटीतून हा लेख निघाला. मी एका लहानशा शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो, कादंबऱ्या लिहितो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले, तेव्हा यंत्रविद्येवर अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. परंतु एखाद्या वस्तूचा इतिहास विचारला की ती वस्तू थोडीफार तरी आपल्याशी बोलू लागते, असा वर्गातला अनुभव आहे. म्हणून मी विचारले ते एवढेच की, तारेतून जाणारा माणसाचा शब्द अडखळायला कधी लागला, आणि त्याला पुन्हा धड चालता यावे म्हणून कोणी काय केले?

सुरुवात जुन्या टेलिफोनपासून केली पाहिजे. वडील ट्रंक कॉलच्या गोष्टी सांगत. पोस्टात जाऊन नंबर लावायचा. साधा, अर्जंट आणि लायटनिंग असे त्याचे चढत्या भावाचे प्रकार. नंबर लागेपर्यंत बाकावर तासन् तास बसायचे, आणि लागला की तीन मिनिटांत सुखदुःखाचा सगळा हिशेब उरकायचा. हा जाच खरा. पण त्यात एक मोठी सोय होती. थांबायचे ते आधी थांबायचे. एकदा कॉल जोडला की या टोकापासून त्या टोकापर्यंतचा मार्ग तेवढी तीन मिनिटे फक्त त्या दोघांच्या मालकीचा. दोघे काही न बोलता रडत राहिले तरी तार त्यांचीच. त्या मौनाचेही भाडे भरलेले असे. त्यामुळे शब्द एकदा निघाला की वाटेत कुठे रेंगाळत नसे.

असे मार्ग किती ठेवावे, याचा हिशेब कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली मांडला. गावात हजार टेलिफोन असले तरी हजारजण एकाच वेळी बोलत नाहीत. मग किती तारा घातल्या म्हणजे परत जाणाऱ्यांची संख्या सोसण्याइतकी राहील? आजही टेलिफोनच्या वर्दळीच्या मापाला त्याचेच नाव आहे. या व्यवस्थेत मार्ग भरले की नव्या माणसाला दारातूनच सरळ नकार मिळे. आत गेलेल्याला मात्र त्रास नसे. आपल्याकडे १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये मध्यस्थावाचून थेट नंबर फिरवण्याची सोय प्रथम झाली. बाकावरचे बसणे त्यानंतर हळूहळू संपले, तरी मार्ग दोघांपुरता राखून ठेवण्याची रीत तीच राहिली.

ही रीत मोडण्याची कल्पना त्याच काळात निघाली. अमेरिकेत रँड संस्थेतल्या पॉल बॅरनने १९६४ साली तिचे मोठे टिपण प्रसिद्ध केले. इंग्लंडात टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस यांना बॅरनची काही वार्ता नसताना थोड्याच काळात तेच सुचले, आणि 'पॅकेट' हे नाव त्यांनी दिले. आपण त्याला पाकीट म्हणू, कारण व्यवहार टपालासारखाच आहे. निरोपाचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा पत्ता लिहिलेल्या पाकिटात घालायचा आणि सगळी पाकिटे एकाच रस्त्याने सोडायची. रस्ता कोणाच्याही मालकीचा नाही. चौकाचौकांत एक यंत्र उभे असते, त्याला आता राउटर म्हणतात. ते पत्ता वाचते आणि पाकीट पुढे ढकलते. गर्दी असेल तर पाकीट रांगेत थांबते. रांगेला जागा उरली नाही तर पाकीट सरळ टाकून दिले जाते, आणि ज्याचे असेल त्याने ते पुन्हा पाठवायचे! बॅरनची कल्पना अमेरिकेतल्या त्या वेळच्या बलाढ्य टेलिफोन कंपनीच्या लोकांना पटेना. त्यांनी आयुष्य घालवले होते ते मार्ग राखण्यात, आणि हा मनुष्य म्हणत होता की मार्ग राखूच नका.

२९ ऑक्टोबर १९६९ या दिवशी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संस्थेकडे अशा जाळ्यावरून पहिला निरोप गेला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा सगळा शब्द गेला. अक्षरांच्या बाबतीत हे चालते. पत्र तासाभराने मिळाले म्हणून त्यातला मजकूर बदलत नाही.

परंतु बोलणे म्हणजे पत्र नव्हे.

हे ज्याने सर्वांआधी ओळखले त्याचे नाव डॅनी कोहेन. जन्म हैफाचा, साल १९३७. संगणकावर विमान उडवण्याचा हुबेहूब भास निर्माण करण्याचे काम त्याने आधी केले होते. म्हणजे क्षण चुकला की विमान कोसळते, हे त्याला पुरते ठाऊक होते. पुढे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेत तो आला आणि पाकिटांच्या जाळ्यावरून माणसाचा आवाज न्यायचा असे त्याने मनावर घेतले. अडचणी दोन होत्या. साध्या टेलिफोनचा आवाज आकड्यांत मांडायचा तर सेकंदाला ६४,००० चिन्हे लागतात. त्या जाळ्याची तारच मुळी सेकंदाला ५०,००० चिन्हे नेणारी. नदी घागरीत बसवायची होती.

ही पहिली अडचण सोडवण्यात आपल्या एका देशबांधवाचा हात आहे. बिष्णू अटल यांचा जन्म कानपूरचा, पदवी लखनौची, पुढचे शिक्षण बंगलोरच्या विज्ञानसंस्थेतले. थेट टेलिफोनने जोडलेली पहिली दोन गावे हीच असावीत, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत त्यांनी आवाज आखडून पाठवण्याची एक रीत शोधली; जपानात इताकुरा यांनीही जवळजवळ तीच शोधली. तिचे मर्म असे की, मनुष्याचा आवाज क्षणाक्षणाला अगदीच नवा नसतो. आत्ताच्या क्षणावरून पुढच्या क्षणाचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो. मग सगळा आवाज पाठवण्याऐवजी अंदाज कुठे चुकला तेवढेच कळवावे. या रीतीने १९७४ च्या डिसेंबरात बोलणे सेकंदाला ३,५०० चिन्हांत बसवून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून मॅसॅच्युसेट्सपर्यंत नेले गेले. त्याआधी ऑगस्टमध्ये दुसऱ्या, जरा ऐसपैस रीतीने पहिला आवाज त्या जाळ्यावरून गेला होता.

दुसरी अडचण अधिक खोल होती. जाळ्याची व्यवस्था प्रामाणिक कारकुनासारखी होती. एक पाकीट हरवले की मागची सगळी थांबवायची, हरवलेले परत मागवायचे, क्रम जुळवायचा, आणि मगच पुढचे द्यायचे. हिशेबाच्या वहीला हे योग्यच आहे. पण "कशी आहेस?" या वाक्यातला "क" हरवला म्हणून "शी आहेस" अडवून ठेवले, तर ऐकणाऱ्याचा काय फायदा? "क" येईपर्यंत बोलणे पुढे गेलेले असते. कान मोठा क्षमाशील आहे; अर्धे अक्षर गेले तर तो मनाने भरून घेतो. उशीर मात्र तो क्षमा करीत नाही. कोहेनने म्हणून आवाजाची पाकिटे क्रमाच्या आणि पोचपावतीच्या कटकटीतून सोडवून वेगळ्या वाटेने नेली. पोचले ते पोचले, राहिले ते राहिले. शिवाय कोणी बोलत नसेल तेव्हा पाकीट पाठवायचेच नाही. मौनाचे भाडे इथे प्रथम माफ झाले.

गर्दीत कोणते पाकीट टाकून द्यावे याविषयी संगणकांच्या पाठ्यपुस्तकांत दारू आणि दूध असा भेद सांगतात: एकीत जुने चांगले, दुसऱ्यात ताजे. दिवाळी अंकात दारू नको, आपण लोणचे म्हणू. लोणचे उशिरा वाढले तरी बिघडत नाही, उलट मुरते. दुधाचे तसे नाही. फायली, पत्रे, हिशेब हे लोणचे. बोलणे हे दूध. आणि एकाच रस्त्याने, एकाच गाडीतून, एकाच वेगाने दोन्ही न्यायची, हा सगळा पेच आहे.

कोहेनचा हट्ट पुढे फार दूरवर पोचला. सर्फ आणि काह्न यांनी १९७४ साली जाळ्यांच्या जाळ्याची जी घटना मांडली, तिच्यात पत्ता वाचून पाकीट नेणे आणि हरवलेले परत मागवणे ही दोन्ही कामे एकाच नियमात गुंफलेली होती. कोहेन, जॉन पोस्टेल, डेव्हिड रीड प्रभृतींनी आग्रह धरला की ही कामे वेगळी करा; ज्याला दूध न्यायचे आहे त्याच्यावर लोणच्याचे नियम लादू नका. १९७८ साली ती फोड झाली, आणि १९८० च्या ऑगस्टमध्ये पोस्टेल यांनी तीन पानी टिपण लिहून परत न मागवणाऱ्या साध्या पाकिटाचा नियम घालून दिला. आज कोणीही चित्रासकट फोन करतो तेव्हा शब्द बहुधा त्याच पाकिटांतून जातात. इंटरनेटच्या घडणीत बोलण्यासाठी ही एक खिडकी राहिली, ती या मंडळींच्या हट्टामुळे. पुष्कळ लेखांतून कोहेनचे नावही नसते. २०१९ साली तो वारला.

परंतु खिडकी मिळाली म्हणून रस्ता मोकळा झाला असे नाही. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात एक विलक्षण प्रकार घडला. बर्कलेचे विद्यापीठ आणि टेकडीवरची लॉरेन्स प्रयोगशाळा यांच्यात अंतर चारशे यार्ड. त्यांना जोडणारी वाट एरवी सेकंदाला ३२,००० चिन्हे नेई. एके दिवशी ती सेकंदाला ४० वर आली. चारशे यार्ड! शिपायाच्या हाती चिठ्ठी दिली असती तर ती लवकर पोचली असती. प्रयोगशाळेतला व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातला माइक केरल्स यांनी शोध घेतला तेव्हा कळले की मोडलेले काहीच नव्हते. पाकिटे रांगेत अडकली होती, उत्तर आले नाही म्हणून प्रत्येक यंत्र तीच पाकिटे पुन्हा पाठवत होते, त्यामुळे रांग वाढत होती, म्हणून उत्तर आणखी येत नव्हते. लग्नघरात वाढप्याला एकाने हाक मारली, तो आला नाही म्हणून साऱ्या पंगतीने ओरडायला सुरुवात केली, आणि वाढपी जागच्या जागी गोंधळून उभा राहिला, अशातला तो प्रकार.

जेकबसनने १९८८ साली त्यावर जो उपाय प्रसिद्ध केला त्याला मी शहाणपणाचा उपाय म्हणेन. पाठवणाऱ्याने हळू सुरुवात करावी, उत्तरे येत आहेत तोवर वेग वाढवावा, आणि एखादे पाकीट टाकले गेले असे दिसताच वेग निम्म्याखाली आणावा. म्हणजे टाकलेले पाकीट हे नुकसान नव्हे, तो इशारा: पुढे गर्दी आहे, दमाने घ्या. हा नियम कोणी पोलिसाने बसवला नाही. ज्याच्या त्याच्या यंत्राने तो आपणहून पाळायचा होता, आणि बहुतेकांनी पाळला. इंटरनेट त्यावर तगले. आता हे ध्यानात ठेवावे, कारण आमच्या घरातल्या भांडणाचे मूळ इथेच आहे.

याच सुमारास जॉन नेगल या गृहस्थाने १९८५ साली एक प्रश्न टाकला होता. चौकातल्या राउटरला अमर्याद जागा दिली, म्हणजे एकही पाकीट कधी टाकावे लागणार नाही अशी सोय केली, तर काय होईल? कोणीही म्हणेल, उत्तम होईल. नेगलने दाखवले की अशा जाळ्यावर वर्दळ वाढली की रांग वाढतच जाईल आणि शेवटी प्रत्येक पाकिटाची मुदत रांगेतच संपेल. काही हरवणार नाही, आणि उपयोगाचे काही पोचणारही नाही. त्याने आणखी एक सुचवले: सर्वांची मिळून एक रांग न लावता ज्याची त्याची वेगळी रांग लावा आणि पाळीपाळीने एकेकाला सोडा, म्हणजे पोतीच्या पोती आणणाऱ्यामुळे एक चिठ्ठी घेऊन आलेला खोळंबणार नाही. किती साधी गोष्ट! ती सामान्यांच्या घरात यायला पंचवीस-तीस वर्षे लागली.

दरम्यान मोठ्या मंडळींचा वाद रंगला होता. मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या सभेतले बोलणे तीन खंडांतल्या वीस ठिकाणी थेट ऐकवण्यात आले, आणि इंटरनेटवरून बोलणे हा प्रयोगशाळेबाहेरचा विषय झाला. पाकिटे कमीअधिक वेगाने येतात म्हणून ऐकणाऱ्याच्या यंत्रात ती क्षणभर साठवून मग एकसारखी वाजवायची, ही युक्ती सर्वांना मान्य होती; परंतु साठवणे म्हणजे आणखी उशीर. तेव्हा एक पक्ष म्हणाला, जुन्या टेलिफोनसारखा मार्गच राखून ठेवा. १९९४ आणि १९९७ साली त्याचे नियमही झाले. पण मग वाटेतल्या प्रत्येक राउटरला प्रत्येक संभाषण लक्षात ठेवावे लागणार, आणि दहा देशांतल्या दहा कंपन्यांनी एकमेकींचे आरक्षण मानावे लागणार. ते जमले नाही. दुसरा पक्ष म्हणाला, आरक्षण नको, पाकिटावर वर्ग लिहा. वरच्या वर्गाला आधी सोडा. १९९८ साली तेही नियम झाले. एखाद्या कंपनीच्या स्वतःच्या आवारात ते उत्तम चालतात. पण हद्द ओलांडली की पुढचा मालक तो शिक्का मानीलच असे नाही. कित्येकदा तो पुसूनच टाकतो. ओड्लिझ्को नावाच्या गणितज्ञाने तर गमतीने नव्हे, गंभीरपणे सुचवले की पॅरिसच्या भुयारी रेल्वेत पूर्वी होते तसे करा: डबे अगदी सारखे, एकाचे तिकीट महाग, एवढ्यानेच त्यात गर्दी कमी. मुंबईच्या लोकलचा पहिला वर्ग ज्याने सकाळी नऊ वाजता पाहिला आहे त्याचा या उपायावर विश्वास बसणे कठीण.

आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले. त्यावरून बोलण्यास कायद्याने परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून. त्या दिवसांत सायबर कॅफेत कानाला यंत्र लावून "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" असे ओरडणारी माणसे मी पाहिली आहेत. तेव्हा लाइनच लहान होती. दोष कोणाला देणार? सर्वांना वाटे, लाइन मोठी झाली की सारे ठीक होईल. लाइन शंभरपट मोठी झाली. आणि तरीही आई म्हणते, हल्ली तो विचार करून बोलतो.

या कोड्याचे उत्तर २०१० साली जिम गेटिस या अनुभवी संगणकतज्ज्ञाला आपल्या स्वतःच्या घरात सापडले. तो एक मोठी फाइल घरातून कामाच्या ठिकाणी पाठवीत होता, आणि त्याच्या लक्षात आले की तेवढा वेळ घरातले बाकीचे इंटरनेट जणू झोपी जाते. मुले तक्रार करतात. मोजले तर पाकिटाला जायला-यायला एक सेकंदाहून अधिक लागत होते. दोष कुठे? सगळीकडे! स्मरणशक्ती म्हणजे साठवणीची जागा इतकी स्वस्त झाली होती की घरातल्या डब्यापासून कंपनीच्या यंत्रापर्यंत प्रत्येक निर्मात्याने भरपूर जागा देऊन टाकली होती. पाकीट टाकणे म्हणजे पाप, अशी समजूत. पण जेकबसनचा सारा उपाय टाकलेल्या पाकिटाच्या इशाऱ्यावर उभा होता! पाकीट टाकलेच जात नाही, म्हणून पाठवणाऱ्याला गर्दी कळत नाही, म्हणून तो ओततच राहतो, आणि रांग सेकंद-सेकंद लांब होते. त्याच रांगेच्या शेपटाला बिचारे "हो आई" उभे असते. सूज आली म्हणजे बाळसे धरले असे नव्हे, ही म्हण गेटिसला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याने या रोगाला जे 'बफरब्लोट' हे नाव दिले, त्याचा अर्थ साठवण सुजणे असाच आहे.

मग पुन्हा जेकबसन पुढे आला. सव्वीस वर्षांपूर्वी चारशे यार्डांचे कोडे सोडवणाराच. २०१२ साली त्याने आणि कॅथलीन निकोल्स या विदुषीने एक रीत प्रसिद्ध केली. रांग किती लांब आहे हे पाहू नका, पाकीट रांगेत किती वेळ राहिले ते पाहा. क्षणभर गर्दी झाली तर हरकत नाही. पण सेकंदाच्या दहाव्या भागाइतका काळ लोटला आणि त्यात एकही पाकीट पाच सहस्रांश सेकंदांच्या आत सुटले नाही, तर टाकायला लागा. त्याच वर्षी एरिक द्युमाझेने या रीतीला नेगलच्या वेगवेगळ्या रांगांची जोड दिली, आणि डेव्ह टाट आणि त्याच्या सोबत्यांनी ती स्वस्तातल्या घरगुती राउटरांतही चालवून दाखवली. टाटने पुढची कित्येक वर्षे कंपन्यांच्या दारोदार हेच सांगण्यात घालवली. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो वारला. २०२३ साली याच्याही पुढचे नियम प्रसिद्ध झाले; त्यांत पाकीट टाकण्याऐवजी त्यावर खूण करून इशारा देण्याची व्यवस्था आहे. ते अजून सर्वत्र पोचलेले नाहीत.

हे सारे मला सांगितले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो पुण्यात याच व्यवसायात आहे. इतिहासात त्याला पस्तिसाच्या वर गुण कधी पडले नाहीत, आणि आज तो मला सनावळ्या सांगत होता! यंदा गणपतीत तो आमच्याकडे आला असता मी त्याला आईचे गाऱ्हाणे ऐकवले. त्याने आपल्या संगणकावरून मुंबईच्या एका यंत्राला हाक मारली. ही हाक मारण्याचा कार्यक्रम माइक म्यूस नावाच्या माणसाने १९८३ साली एका संध्याकाळीत लिहिला. हाक परत यायला किती वेळ लागला ते तो सांगतो. उत्तर आले, वीस सहस्रांश सेकंद. "सर, लाइन छान आहे तुमची." मग त्याने विचारले, "रविवारी तीनला घरात काय चाललेलं असतं?"

चाललेले असे काहीच नसते. मी वाचत पडतो, सौभाग्यवती भाजी निवडते, आणि आमचे चिरंजीव क्रिकेट खेळून येतात. हेच ते! चिरंजीवांचा मोबाइल घरात शिरताच आठवडाभराची छायाचित्रे आणि खेळाच्या फिती आपोआप वर पाठवू लागतो, कुठे तरी दूरच्या कोठारात जपून ठेवण्यासाठी. हा मोबाइल त्याला गेल्या वर्षी जूनमध्ये घेऊन दिला होता. श्रावण त्यानंतर आला. विद्यार्थ्याने मोबाइल मागवून तसेच करून पाहिले आणि पुन्हा हाक मारली. अकराशे सहस्रांश! मुंबईपर्यंत जाऊन यायला एका सेकंदाहून अधिक. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लक्ष किलोमीटर धावतो. वळसे धरले तरी मेलबर्नला तो सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात पोचतो. म्हणजे आईचा शब्द सात समुद्र ओलांडायला जितका वेळ घेई, त्याच्या दसपट वेळ आमच्याच माजघरातल्या डब्यात उभा असे. बोलण्यातला उशीर दीडशे सहस्रांशांच्या आत असावा, असा टेलिफोनवाल्यांचा जागतिक दंडक आहे. आणि २०१४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी मुद्दाम उशीर घालून माणसांना बोलायला लावले, तेव्हा दोष लाइनीचा असूनही बोलणारे पलीकडच्या माणसालाच बेपर्वा ठरवीत, असे त्यांना आढळले. आई एकटी नव्हती.

विद्यार्थ्याने डबा बदलला. नव्या डब्यात द्युमाझेची रीत आहे. वर जाणाऱ्या वाटेला त्याने लाइनीच्या वेगाहून जरा कमी मर्यादा घातली, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आमच्या डब्यात लागेल आणि तिथे शिस्तीने हलेल. चिरंजीवांच्या फिती चालू ठेवून त्याने पुन्हा हाक मारली: एकतीस. फिती थोड्या सावकाश गेल्या. त्यांना कुठे घाई होती?

पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा आई बोलता बोलता एकदम थांबली आणि म्हणाली, "आज तू माझ्या बोलण्यावर बोलतोयस रे!" भाऊ हसला. ते हसणेही वेळेवर आले. पुष्कळ दिवसांनी दोघांनी एकमेकांना मध्येच तोडत मनसोक्त गप्पा मारल्या. शेजारच्यांच्या गाईला कालवड झाल्याची बातमी सांगून झाली, नातीचे दात पडल्याचे ऐकून झाले. मग आईने चष्मा नीट केला आणि विचारले, "दिवाळीला येणार का रे?"

तो गप्प राहिला. मी डब्याजवळ उभा होतो. चिरंजीवांचा मोबाइल माझ्या खिशात होता आणि तो बंद होता. आई पडद्याकडे बघत होती. भावाने एकदा खाली पाहिले, एकदा वर पाहिले.

"नाही गं आई. या वर्षी रजा नाही मिळाली."

"बरं," आई म्हणाली. "मग भाजणी पाठवते पार्सलनं. चकली तुझी तू कर. पण मोहन कमी घाल हं, गेल्या वेळी तुझ्या तेलात विरघळल्या होत्या."